डेटाबेसचा एरर मेसेज आपल्या भाषेत कसा द्यायचा : दूध संस्थेच्या काट्यावरून

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. "भावा, तुझं मशीन इंग्लिशमधनं शिव्या द्यायला लागलंय, हितं पंधरा माणसं किटल्या घेऊन हुबी हायत." म्हटलं वाचून दाखवा. तात्या वाचायला लागले, "द इन्सर्ट स्टेटमेंट कॉन्फ्लिक्टेड विथ द चेक कॉन्स्ट्रेंट सीके..." आणि पुढं दोन अंडरस्कोर, अर्धवट टेबलचं नाव, परत दोन अंडरस्कोर, मग तीन ए आठ एक बी असलं कायतरी. दहा मिनिटांनी कळलं की फॅट ६.५ च्या जागी ६५ पडलंय. पॉइंट विसरला, बास, एवढंच. डेटाबेसनं त्याचं काम चोख केलं होतं, चुकीचा आकडा आत घेतला नाही, पण का घेतला नाही ते तात्यांना कळेल असं सांगितलं नाही आणि ती चूक माझी होती कारण ते सांगायचं काम माझं.

तर हा लेख त्याच्यावर. नवीन पोरांसाठी, ज्यांना टेबल बनवता येतंय, इन्सर्ट येतंय, थोडं स्टोअर्ड प्रोसिजर येतंय, पण एरर आला की सिस्टमचा मेसेज जसाच्या तसा स्क्रीनवर टाकून मोकळे होतात. मी एसक्यूएल सर्व्हर धरून सांगतोय, कारण आमच्याकडं बऱ्याच संस्थांत तोच बसवलेला आहे, शेवटी मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि ओरॅकलचं पण थोडक्यात सांगतो.

एक गोष्ट आधीच. कमांड मी इथं देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे टाकायचे. कोटच्या आतला मेसेज तेवढा मराठीत.

आधी टेबलला शिस्त लावा

मेसेज नंतर, आधी नियम. आपलं टेबल दूधनोंद : सभासद कोड, तारीख, वेळ म्हणजे सकाळ का संध्याकाळ, प्रकार म्हणजे गाय का म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ. यात तीन चुका रोज होतात. फॅटचा पॉइंट विसरणे, नसलेला सभासद कोड टाकणे, आणि एकाच माणसाचं एकाच वेळचं दूध दोनदा नोंदणे. तिन्हीला डेटाबेसमध्ये कुलूप पाहिजे, त्यालाच कॉन्स्ट्रेंट म्हणतात : फॅटला चेक कॉन्स्ट्रेंट (आकडा हद्दीत आहे का), सभासद कोडला फॉरेन की (हा कोड सभासदांच्या टेबलात आहे का), आणि कोड-तारीख-वेळ-प्रकार या चारांवर मिळून युनिक कॉन्स्ट्रेंट (तीच नोंद परत नको).

आता महत्त्वाचं. कॉन्स्ट्रेंटला नाव तुम्ही द्या. नाव दिलं नाही तर सर्व्हर स्वतःच्या मनानं ठेवतो, ते वर तात्यांनी वाचलं तसलं, आणि तेच टेबल दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवलं की शेपूट वेगळं निघतं. पुढं आपल्याला त्या नावावरून ओळखायचंय कुठला नियम मोडला, त्यामुळं असं लिहा :

कॉन्स्ट्रेंट सीके_दूधनोंद_फॅट चेक (फॅट बिट्वीन ०.१ अँड १५)

१५ हा आकडा काय कायद्यातला नाही, म्हशीच्या दुधाला पण एवढं फॅट लागत नाही, फक्त ६५ अडावं एवढ्यासाठी. आणि फॅटचा कॉलम नॉट नल करायला विसरू नका. चेक कॉन्स्ट्रेंट नलला, म्हणजे रिकाम्या जागेला, अडवत नाही, कारण नलची तुलना ना खरी ठरते ना खोटी, आणि चेक फक्त खोटं ठरलं तरच अडवतो. मी हे विसरलो होतो, आणि महिनाअखेरीला बिलं काढताना तीन ओळींत फॅटच नाही असं निघालं. उत्पादकानं काय सोडलं नाही मला.

मेसेज कागदावर लिहा

कोड उघडायच्या आधी कागद घ्या. खरंच. तिन्ही चुकांसाठी एकेक वाक्य लिहा आणि ते मोठ्यानं वाचा, जणू तुम्ही काट्यावर उभं राहून शेजारच्याला सांगताय. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "अवैध फॅट मूल्य. कृपया पुनश्च प्रविष्ट करा." तात्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलंय, तलाठ्यानं का?

मेसेजमध्ये तीन गोष्टी पाहिजेत : काय टाकलं गेलं, का बसत नाही, आता काय करायचं. टेबलचं नाव, कॉलमचं नाव, प्रोसिजरचं नाव यातलं काहीही नको, त्याचा काट्यावरच्या माणसाला उपयोग शून्य. आणि शेवटी एक नंबर. नंबर का, तर फोनवर सगळं वाक्य वाचत बसायला लागू नये, "तात्या आकडा सांगा" म्हटलं की ते "साठ हजार एकशे एक" म्हणतात आणि मला अंथरुणातनंच कळतं काय झालंय.

सभासद २१४ : फॅट ६५ बसत नाही. पॉइंट विसरला का बघा. (६०१०१)

एवढंच. लांब लिहिलं तर कोण वाचत नाही, मागं लाईन असती.

नंबर ठरवून सर्व्हरमध्ये नोंद करा

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ५०००० पर्यंतचे नंबर सिस्टमचे. आपले ५०००१ पासून पुढं. पण ५०००१ लाच बसू नका, कारण हे मेसेज डेटाबेसमध्ये राहत नाहीत, अख्ख्या सर्व्हरचे मिळून एकत्र राहतात, आणि त्याच सर्व्हरवर दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर असेल, खत विभागाचं म्हणा, तर त्यानं पण ५०००१ च घेतलेला असायची दाट शक्यता. मी ६०१०० ची ओळ दुधाला, ६०२०० ची पशुखाद्याला अशी वाटणी केलीय. वहीत लिहून ठेवलीय.

नोंदवायची कमांड :

एक्झेक एसपी_ॲडमेसेज
@एमएसजीनम = ६०१०१,
@सिव्हेरिटी = १६,
@एमएसजीटेक्स्ट = एन'सभासद %डी : फॅट %एस बसत नाही. पॉइंट विसरला का बघा. (६०१०१)',
@लँग = 'यूएस_इंग्लिश';

एकेक बघू.

कोटच्या आधी जो एन आहे तो सोडला तर मराठी मेसेजच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, ???? ?? अशी. नव्वद टक्के लोक इथंच अडकतात आणि मग फॉन्ट बदलत बसतात. फॉन्टचा काय संबंध नाही, एन लावा.

लँगमध्ये यूएस इंग्लिश बघून दचकू नका. सर्व्हरच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदी पण नाही. आणि नियम असा की कुठल्याही नंबरचा यूएस इंग्लिश मेसेज आधी पाहिजे, मगच दुसऱ्या भाषेतला घालता येतो. म्हणून आपण इंग्लिशच्या खणात मराठी ठेवतोय. जुगाड आहे, पण चालतंय.

%डी म्हणजे इथं पूर्णांक येणार, %एस म्हणजे इथं मजकूर येणार. मेसेजमध्ये खरंच टक्क्याचं चिन्ह दाखवायचं असेल तर ते दोनदा लिहायचं, %% असं. मेसेजची लांबी २५५ अक्षरांच्या आत ठेवा, ॲडमेसेज त्याच्या पुढं घेत नाही.

सिव्हेरिटी म्हणजे दुखणं किती मोठं. १० आणि त्याच्या खाली नुसती माहिती, एरर म्हणून धरतच नाही, कॅच ब्लॉकमध्ये (ट्राय ब्लॉकमध्ये एरर आला की तो पकडणारा कोडचा भाग) पण जात नाही. ११ ते १६ म्हणजे वापरणाऱ्याच्या हातानं दुरुस्त होण्यासारखी चूक. आपल्याला १६ बास. हौस म्हणून २० टाकू नका, २० आणि त्याच्या वर गेलं की सर्व्हर कनेक्शनच तोडतो. पॉइंट विसरला म्हणून माणसाला हाकलून देण्यासारखं झालं ते.

ही कमांड चालवायला सिसॲडमिन नाहीतर सर्व्हरॲडमिनचा हक्क लागतो. साध्या लॉगिननं चालणार नाही, परमिशन नाही म्हणेल.

आता मेसेज उडवायचा

मेसेज उडवायची कमांड म्हणजे रेझएरर. प्रोसिजरमध्ये इन्सर्टच्या आधी तपासणी :

इफ @फॅट नॉट बिट्वीन ०.१ अँड १५
बिगिन
  सेट @फॅटमजकूर = कास्ट(@फॅट ॲज एनव्हारचार(१०));
  रेझएरर(६०१०१, १६, १, @कोड, @फॅटमजकूर);
  रिटर्न;
एंड

रेझएररचं स्पेलिंग नीट बघा. रेझच्या शेवटी ई आणि एररच्या सुरुवातीला ई, म्हणून आपण दोन ई टाकतो, पण तिथं एकच आहे : आर, ए, आय, एस, ई, आर, आर, ओ, आर. कुणीतरी कधीतरी घाईत एक ई खाल्ला आणि आता आपण सगळे निस्तरतोय.

मग तो कास्ट कशाला? कारण रेझएररला डेसिमल चालत नाही. पूर्णांक घेतो, मजकूर घेतो, पण ६.५ सरळ दिला तर आमचा मेसेज सांगायच्या ऐवजी तोच स्वतःचा एरर देतो की हा डेटाटाइप इथं देता येत नाही. आणि कास्ट त्याच ओळीत कंसाच्या आत पण लिहिता येत नाही, तिथं फक्त व्हेरिएबल नाहीतर सरळ आकडा-मजकूर, म्हणून आधी व्हेरिएबलमध्ये भरून घ्यायचं. दुधाच्या धंद्यात सगळंच पॉइंटमध्ये, त्यामुळं हे लक्षात ठेवाच.

आणि तो रिटर्न. हा सगळ्यात घातक. ट्राय ब्लॉकच्या बाहेर रेझएरर मेसेज देतो आणि खालच्या ओळीवर निवांत चालायला लागतो. म्हणजे स्क्रीनवर "बसत नाही" आणि खाली इन्सर्ट चालूच. आमच्या इथं कॉन्स्ट्रेंट होता म्हणून तो अडला, नाहीतर मेसेज पण आला असता आणि ६५ पण आत गेलं असतं.

मधला जो १ आहे ती स्टेट. ० ते २५५ मधलं काहीही. एकच मेसेज तीन ठिकाणांहून उडवत असाल, समजा हाताच्या एंट्रीतून, मशीनवरून आपोआप येणाऱ्या नोंदीतून आणि दुरुस्तीच्या फॉर्ममधून, तर तिथं १, २, ३ द्या. मेसेज तोच, पण लॉग बघताना कळतं कुठनं आला.

डेटाबेसनं स्वतः अडवलं तर

वरची तपासणी फॅटला ठीक आहे, पण दोनदा नोंदीचं काय? आधी सिलेक्ट मारून बघायचं आहे का, मग इन्सर्ट, असं बरेच जण करतात, पण दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी एंट्री पडली तर दोघांनाही "नाही" दिसतं आणि दोघंही घुसायला जातात. म्हणून तिथं सरळ इन्सर्ट मारायचा आणि अडला तर कॅचमध्ये पकडायचा.

कॅचमध्ये दोन फंक्शन महत्त्वाची : एरर_नंबर आणि एरर_मेसेज. युनिक कॉन्स्ट्रेंट मोडला की नंबर २६२७ येतो. युनिक इंडेक्स वेगळा बनवला असेल तर २६०१. आणि ५४७ हा फॉरेन कीला पण येतो आणि चेकला पण येतो, दोघांना एकच नंबर, म्हणून तिथं नुसत्या नंबरावर भागत नाही, मेसेजच्या मजकुरात कॉन्स्ट्रेंटचं नाव शोधायला लागतं. चारइंडेक्स या मजकूर शोधायच्या फंक्शननं शोधा. आता कळलं ना नाव का द्यायचं?

बिगिन कॅच
  इफ @@ट्रानकाउंट > ० रोलबॅक;
  इफ एरर_नंबर() = २६२७ : रेझएरर ६०१०२, "सभासद अमुकचं या वेळचं दूध आधीच नोंदलंय, यादी बघा"
  इफ ५४७ आणि मजकुरात एफके_दूधनोंद_सभासद : रेझएरर ६०१०३, "अमुक कोडचा सभासद नाही, पासबुक बघा"
  यातलं काहीच नसेल तर : थ्रो;
एंड कॅच

(हे मी मोघम लिहिलंय, इफ-एल्स तुम्ही नीट बांधा.)

शेवटचं थ्रो फार कामाचं. ते एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून आलंय. कॅचमध्ये नुसतं थ्रो लिहिलं की मूळ एरर आहे तसा वर जातो, नंबरासकट. ज्या चुकीचा आपण विचारच केला नव्हता ती दाबून ठेवायची नाही. काही जण शेवटी "काहीतरी चूक झाली" असा मेसेज देतात, ते बघितलं की डोकंच फिरतं माझं. काहीतरी म्हणजे काय? डिस्क भरली का सभासद मेला?

थ्रोची एक खोड सांगतो. त्याच्या आधीच्या ओळीला सेमीकोलन पाहिजेच. नसेल तर, समजा वर रोलबॅक ट्रान आहे आणि खाली थ्रो, सर्व्हर दोन्ही एकत्र वाचतो आणि थ्रो हे ट्रान्झॅक्शनचं नाव समजतो. सिलेक्टच्या खाली लिहिलं तर कॉलमचं टोपणनाव समजतो, आणि तिथं तर एरर पण येत नाही, गुपचूप पुढं.

मग सगळीकडं थ्रोच का नाही वापरायचा? वापरा की. नवीन कोडला तोच बरा, तो लिहिला की तिथंच थांबतो, रिटर्नची भानगड नाही, नंबर आधी नोंदवायला पण लागत नाही. पण %डी %एस तो स्वतः भरत नाही. त्याला फॉर्मॅटमेसेज फंक्शननं वाक्य आधी तयार करून द्यायचं आणि मग थ्रो ६०१०१, @वाक्य, १, असं.

पुराचा धडा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा नदीकाठच्या एका संस्थेचा कॉम्प्युटर पाण्यात गेला. बॅकअप पेनड्राइव्हवर होता, तो सचिवांनी खिशात घालूनच घर सोडलेलं. पाणी उतरल्यावर नवीन कॉम्प्युटर, सर्व्हर टाकला, बॅकअप रिस्टोअर केला, सभासद आले, हिशोब आला, सगळं आलं. पहिली चुकीची एंट्री पडली आणि मेसेज आला १८०५४ : ६०१०१ नंबरचा एरर उडवला पण या नंबरचा मेसेजच सापडत नाही, एसपी_ॲडमेसेजनं घातलाय का बघा. इंग्लिशमध्ये अर्थात.

कारण वर सांगितलंच, हे मेसेज आपल्या डेटाबेसमध्ये नसतात, सर्व्हरच्या मास्टर डेटाबेसमध्ये असतात, आणि आपण बॅकअप घेतो फक्त आपल्या डेटाबेसचा. तेव्हापासनं सगळ्या ॲडमेसेजची एक स्क्रिप्ट फाइल बॅकअपच्या शेजारीच ठेवतो. काय काय नोंदलंय ते सिस.मेसेजेस या व्ह्यूमध्ये ५०००० च्या वरचे नंबर गाळून बघता येतं.

आता तर मी नवीन संस्थांना वेगळंच करतो. डेटाबेसमध्येच एक संदेश नावाचं टेबल, त्यात नंबर, कॉन्स्ट्रेंटचं नाव आणि वाक्य. कॅचमध्ये तिथनं वाक्य उचलायचं, थ्रोला द्यायचं. बॅकअपबरोबर जातं, सिसॲडमिनचा हक्क मागायला लागत नाही, आणि २५५ अक्षरांची अट पण नाही. पण जुन्या सिस्टम ॲडमेसेजवरच चालतात, तुम्हाला नोकरीत त्याच मिळणार, म्हणून ते आलंच पाहिजे.

बाकीच्यांचं थोडक्यात

मायएसक्यूएलमध्ये ५.५ पासून सिग्नल आहे : सिग्नल एसक्यूएलस्टेट '४५०००' सेट मेसेज_टेक्स्ट = वाक्य. ४५००० हा आपल्या स्वतःच्या एररसाठीच ठेवलेला कोड. वाक्य १२८ अक्षरांत बसवा. आणि तिथं कॉनकॅट सरळ लिहिता येत नाही, आधी व्हेरिएबलमध्ये जोडून घ्या. अजून एक, ८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल चेक कॉन्स्ट्रेंट लिहून घेतं पण पाळत नाही, त्यामुळं जुन्या व्हर्जनवर फॅटची तपासणी ट्रिगरमधूनच (इन्सर्ट झाला की आपोआप चालणारा कोड) करायला लागते.

पोस्टग्रेस मला यात सगळ्यात आवडतं. रेझ एक्सेप्शन, वाक्यात नुसतं % टाकायचं, पूर्णांक असो डेसिमल असो, कुरकुर नाही. वर युझिंग हिंट लिहून "पॉइंट बघा" हे वेगळ्या खणात देता येतं. मोडलेल्या कॉन्स्ट्रेंटचं नाव पण गेट स्टॅक्ड डायग्नोस्टिक्सनं सरळ हातात मिळतं, मजकुरात शोधत बसायला नको.

ओरॅकलमध्ये रेझ_ॲप्लिकेशन_एरर, नंबर उणे २०००० ते उणे २०९९९ यातलाच. मेसेजची हद्द २०४८, पण अक्षरं नाहीत, बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना मात्रा वेलांटी सगळे वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळं मराठीला प्रत्यक्षात ६८० च्या आसपास चिन्हं मिळतात.

काट्यावर नेऊन तपासा

सगळं झालं की मुद्दाम चुका करा. फॅट ६५. फॅट रिकामं. कोड ९९९९. एकच नोंद दोनदा. प्रत्येक वेळी मेसेज आला का, आणि नंतर टेबलमध्ये काही घुसलं नाही ना, दोन्ही बघा. हे तुमच्या खुर्चीवर बसून एकदा, आणि संस्थेत तात्यांच्या बोटानं एकदा.

तात्यांनी तिसरा मेसेज वाचला, "अमुक कोडचा सभासद नाही", आणि मान हलवली. म्हणाले असं नको, ज्याचा कोड चुकला तो मागं उभा असतोय, त्याला वाटतंय आपलं नाव कापलं संस्थेतनं, मागच्याच आठवड्यात एकजण चेअरमनच्या घरी गेला होता भांडायला. मग तिथंच बसून "कोड ९९९९ सापडला नाही, पासबुक बघून परत टाका" असं केलं. तीच ॲडमेसेजची कमांड, तोच नंबर ६०१०३, खाली एक ओळ जास्त, @रिप्लेस = 'रिप्लेस'. ती ओळ नसली तर सर्व्हर जुन्यावर नवीन लिहू देत नाही. प्रोसिजरला हात लावायला लागला नाही, सॉफ्टवेअर परत टाकायला लागलं नाही, संध्याकाळचं दूध सुरू व्हायच्या आत झालं.